एकट्या बाईची सार्वजनिक काळजी

गाभाऱ्यात देव एकटा उभा असतो आणि त्याला कोणी विचारत नाही, की बाबा रे, बरोबर कोण आहे. बाईचं तसं नाही. देवळाच्या पायरीशी बाई एकटी दिसली की ती सार्वजनिक काम होऊन बसते, आणि ज्याला दुसरं काही काम नाही तो ते हातात घेतो. आपल्या समाजात अशा माणसांची कधीच टंचाई पडलेली नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे.

या गोष्टीतल्या बाईंना त्यांच्या गल्लीत टेलरकाकू म्हणतात. ब्लाउज शिवण्यात जन्म गेला. देवळं त्यांनी भरपूर पाहिली होती, पण दर वेळी एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात कोणाचं तरी पोर आणि जीव बाहेर काढलेल्या चपलांत. देवासमोर पोचल्या की मागून कोणीतरी म्हणायचं, चला लवकर, गाडी चुकेल. म्हणून एकदा तरी पहाटे गाभाऱ्याचं दार उघडतं त्या वेळी रिकाम्या हातांनी समोर उभं राहायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. पहाटे उभं राहायचं तर आदल्या रात्री तिथे मुक्काम हवा. इच्छा साधी होती. लोकांनी ती साधी राहू दिली नाही.

बसमधून पाय खाली टेकताच रिक्षावाल्यानं विचारलं, एकट्याच का? मग फुलवालीनं, मग चपला सांभाळणाऱ्यानं. (प्रश्न एकच, विचारणारे बदलतात. सरकारी कचेरीत चौकशीची खिडकी शोधावी लागते. इथे ती आपणहून मागे चालत येते.) सुरुवातीला काकूंनी "हो, एकटीच" असं खरं उत्तर देऊन पाहिलं. त्यानं काळजी आणखी वाढते असं आढळून आलं. तेव्हा त्यांनी यजमानांना कामाला लावलं. फुलवालीला सांगितलं, ते गाडी लावतायत. चपलावाल्याला सांगितलं, ते दाढी करायला गेलेत. दुपारपर्यंत यजमान प्रसादाच्या रांगेत, औषधांच्या दुकानात आणि एटीएमसमोर असे एकाच वेळी उभे होते. प्रवासात एवढं काम केलेला नवरा आजवर कोणी पाहिलेला नाही.

रांगेत उभ्या उभ्या काकूंनी काळजीवाहू लोकांची मोजदादही केली. दहांतले चार नुसते बघणारे. तीन सल्ला देणारे. दोन फोटो काढणारे (फोटो देवळाचाच असतो, पण देऊळ नेमकं बाईच्या मागे येतं, त्याला ते तरी काय करणार). उरलेला एक दर्शनाला आलेला. तोही मधूनमधून मान वळवतो.

पुजाऱ्यांची काळजी शास्त्रोक्त असते. त्यांनी पूजेसाठी नाव विचारलं. काकूंनी स्वतःचं सांगितलं. पुजारी थांबून राहिले, जणू पत्त्यावर गल्ली लिहिलीय आणि गाव राहिलंय. यजमानांचं नाव सांगा, म्हणाले. काकू म्हणाल्या, पूजा माझी आहे. त्यावर पुजाऱ्यांनी शांतपणे समजावलं, की देवाला सगळं कळतं, पण कोणाच्या घरून आलंय ते कळायला नको का? जगाचा कारभार सांभाळणाऱ्या देवाची पत्त्यावाचून अशी अडचण होते, हे काकूंना ठाऊक नव्हतं. नवीन माहिती मिळाली.

सगळ्यांत कष्टाळू काळजीवाहू मात्र चौकडीच्या शर्टातला होता. त्यानं दारातच गाठून सांगितलं, "वहिनी, इथली माणसं बरी नाहीत, जपून." आणि ती किती बरी नाहीत हे पटवून द्यायला तो मागे मागे चालू लागला. काकू दीपमाळेपाशी थांबल्या की तो थांबे. त्या बसल्या की तो शेजारच्या खांबाचं कोरीव काम बघे. खांब कोरा होता. देवळाच्या मागच्या बाजूला, जिथे दोघांखेरीज कोणी नव्हतं, तिथे त्यानं हळूच विचारलं, की उतरलात कुठे.  काकूंनी चेहरा शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे असतो तसाच ठेवला, तडक रांगेत परत आल्या आणि भर रांगेत ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "भाऊ, सकाळपासून तुम्ही माझ्या मागे का फिरताय ते जरा या मंडळींना सांगा. मला एकटीला काही ते समजत नाही."

भाऊंना कुठलंसं काम आठवलं आणि ते गेले. रांगेनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. रांगेनं काकूंकडे पाहिलं. एक सभ्य गृहस्थ म्हणाले, देवळात बाईमाणसानं असा आवाज चढवू नये. (आवारात शांतता राखणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. मागे फिरणारा शांतपणेच फिरत होता.)

संध्याकाळी काकू देवस्थानाच्या भक्तनिवासात गेल्या. काउंटरमागे व्यवस्थापक, त्यांच्यामागे पाटी: एकट्या महिलेस खोली मिळणार नाही. खाली बारीक अक्षरात, महिलांच्या सुरक्षिततेसाठी. व्यवस्थापक माणूस सज्जन होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खोली नाकारली. खोलीला कडी होती, जिन्यात दिवा होता, दारात पहारेकरी होता. तेव्हा तिथे बाईचं काय होईल याची जबाबदारी कोण घेणार? बस स्टँडच्या बाकावर कोणाचीच जबाबदारी नव्हती, म्हणून ते सुरक्षित. परतीची शेवटची बस थोड्या वेळात सुटणार होती. ती पकडावी, असा प्रेमाचा सल्ला मिळाला. म्हणजे पहाटेचं दर्शन गेलंच.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर तशीच नाकारली गेलेली एक नर्स बसलेली दिसली. रात्रपाळ्या करून डोळे खोल गेलेले, मांडीवर बॅग. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, तिनं काकूंकडे पाहिलं.

"ही माझी धाकटी जाऊ," काकू म्हणाल्या. "आता आम्ही दोघी झालो. कुटुंब आहे."

व्यवस्थापकाला हे पटलं नाही. त्याच्या घरी दोन जावा होत्या आणि त्या एका रिक्षात बसत नव्हत्या. इथे या दोघी शेजारी शेजारी, आणि इतक्या वेळात एक वाकडा शब्द नाही? जावा वाटत नाही तुम्ही, तो म्हणाला.

नर्स हुशार निघाली. "मी घरीच म्हटलं होतं, आधी खोली सांगून ठेवा," ती छताकडे बघत म्हणाली. "पण थोरल्यांना कोणाचं ऐकायचंय."

"ही घरात आली तेव्हा हिला चहा करता येत नव्हता," काकूंनी व्यवस्थापकाला सांगितलं.

"आणि आता यांना माझ्याच हातचा लागतो. स्वतः उठायला नको."

"सासूबाईंची तांब्याची घागर कोणी नेली, ते विचारा हिला."

"विचारा ना. तुमच्याच माळ्यावर आहे."

व्यवस्थापकाचा चेहरा उजळला. हे खरं कुटुंब होतं. त्यानं किल्ली पुढे केली आणि हात जोडून विनंती केली, की ताई, बाकीचा विषय वरती खोलीत काढा.

पहाटे आधी आंघोळ कोणी करायची यावरून दोघींचं खरोखरच वाजलं. तोवर नातं चांगलं मुरलं होतं. पण दार उघडलं तेव्हा काकू समोर होत्या. पिशवी खोलीत, चपला खोलीत, मागून ओढणारं कोणी नाही. समईच्या उजेडात देव नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसत होता. काकूंनी हात जोडले आणि काय मागायचं तेच विसरल्या. मग काही न मागता, पाय दुखेपर्यंत तिथे उभ्या राहिल्या. फार बरं वाटलं.

आता राहिले तुम्ही. तुम्ही सुजाण वाचक. चौकडीच्या शर्टावर रागावलात, पुजाऱ्याला हसलात, पाटी वाचून मान हलवलीत. आणि हे सगळं चालू असताना तुमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: पण काकूंचे यजमान खरंच होते कुठे? आहेत की नाहीत? घरी सांगून आली होती ना बाई?

भक्तनिवासाच्या काउंटरवर एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही. तुमची निवड झालेली आहे.