नायकाच्या पत्नीचा दहावा

देशाचं रक्षण करणाऱ्या माणसाला पत्नी असावी लागते आणि ती हयात नसावी लागते. या दोन अटींपैकी एक जरी ढिली पडली तरी देश धोक्यात येतो. पत्नी नसेल तर नायकाला दुःख कसलं, आणि दुःख नसेल तर तो उगाच चाळीस-चाळीस माणसं कशाला मारेल? बरं, ती हयात असेल तर हा हेलिकॉप्टरला लटकलेला असताना तिचा फोन येणार, की गॅसचा नंबर लावला का आणि येताना दही आणा. अशानं सीमा सुरक्षित राहत नाहीत.

हे तत्त्व मी भोरमध्ये बसून शिकलो. आमच्याकडे राजवाडा, घाट, धरण आणि डोंगर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे सिनेमावाल्यांचा राबता कायमचा. (विमानतळ नाही, तो ते नसरापूरजवळच्या एका गोदामात करतात.) गुप्तहेराच्या एका गाजलेल्या मालिकेचे आजवरचे सगळे भाग इथेच झाले. मालिकेचं नाव छापायला कंपनीची मनाई आहे, आणि मी नोकरीत असल्यापासून मनाई पाळत आलो आहे. निवृत्तीनंतर मी गर्दीत उभं राहण्याचं काम करतो. पहिल्या भागात मी इराणी व्यापारी होतो, दुसऱ्यात स्फोटात गेलो आणि तिसऱ्यात भाजी विकली. मेलेलं माणूस परत येणं हे या मालिकेचं वैशिष्ट्यच आहे. खलनायक तर एकदा जळून, एकदा बुडून आणि एकदा विमानातून पडून परत आला. पत्नी तेवढी परत आली नाही. नियम पाळणारी बाई म्हणायची.

कंपनीचं पत्नीविषयक धोरण मला फार आदर्श वाटतं. पहिल्या भागात नायकानं तिच्याशी बर्फात एक गाणं म्हटलं आणि लग्न केलं. दुसऱ्या भागात मध्यंतराआधी तिला गोळी लागली. मरताना तिला तीन मिनिटं दिली होती, त्यातली अडीच मिनिटं नायकाचा चेहरा दिसतो. तिसऱ्या भागात ती पाकिटातल्या फोटोत राहायला गेली. चौथ्या भागात फोटोतली बाईच वेगळी होती, कारण आधीच्या नटीनं फोटोसाठीही तारीख मागितली. प्रेक्षकांपैकी कुणाच्या हे लक्षात आलं नाही, यावरून दुःख किती खोल होतं ते कळतं. पाचव्या भागात नायक एका परदेशी शास्त्रज्ञ बाईबरोबर बोटीवर गेला, पण त्याआधी त्यानं फोटो पालथा घातला. संस्कार म्हणतात ते हेच. सहाव्या भागात दिग्दर्शक बदलला आणि पत्नीचा विषय निघालाच नाही.

चौथ्या भागातली ती वेगळी बाई म्हणजे आमच्या भोंगवलीची अश्विनी. ती बाजाराच्या गर्दीत उभी राहायला आली होती. कुणीतरी मोबाईलवर तिचा फोटो काढला, चौकटीत बसवला, आणि हार घालायला गेला. तेवढ्यात अश्विनीच्या सासूबाई, अंबूबाई, मध्ये पडल्या. "जित्या माणसाच्या फोटूला हार? म्या उभी असताना न्हाई घालू देनार," असं म्हणून त्या चौकटीपुढं उभ्या राहिल्या आणि हलेनात. शेवटी तोडगा निघाला. हार शेजारच्या खिळ्याला टांगला आणि कॅमेरा असा तिरका लावला, की पडद्यावर तो फोटोलाच घातल्यासारखा दिसावा. आजतागायत अश्विनी नायकाच्या त्या घरात मेलेली नाही, फक्त हाराशेजारी राहते.

सातव्या भागासाठी कंपनीनं नवी नायिका घेतली. मग अडचण अशी निघाली, की नायकाचं मन मोकळं नाही. मन मोकळं करण्यासाठी पत्नीचा दहावा घालावा असं ठरलं. पत्नीला जाऊन पाच भाग झाले होते, पण नायक सतत मोहिमेवर असल्यामुळे त्याला रजा मिळाली नव्हती. स्थळ ठरलं नीरेचा घाट. गुरुजी खरे आणले, भात खरा शिजवला, दिवंगत पत्नीचे भाऊ म्हणून भोंगवलीची चार माणसं खरोखर डोकी भादरून बसवली. त्यांत अश्विनीचा नवरा गोरखही होता. आपल्याच बायकोच्या दहाव्याला तिचा भाऊ म्हणून बसायला त्याची हरकत नव्हती, कारण जेवण होतं. चौथ्या भागातली ती फोटोची चौकट घाटावर आणून मांडली होती. अश्विनी बायकांच्या गर्दीत होती, आणि हार शेजारच्या खिळ्यावरच राहतोय ना हे बघायला अंबूबाई जातीनं आल्या होत्या.

कावळ्यांचा मक्ता चिमाजीकडे होता. शूटिंगला बैल, टेम्पो, म्हाताऱ्या, काय लागेल ते पुरवणारा हा माणूस. "कावळ्याचं टेन्शन घेऊ नका सायेब," तो दिग्दर्शकाला म्हणाला. "हितं कावळं लई. हाकलून हाकलून थकाल."

पिंड मांडला. नायकानं नमस्कार केला. सगळे मागे सरले. समोरच्या उंबरावर कावळा होता, एकच, पण बांधेसूद. तो पिंडाकडे बघून फांदीवर चोच घासत बसला.

अर्धा तास गेला तरी तो खाली येईना. नायकाला संध्याकाळी पुण्याहून विमान गाठायचं होतं, आणि कावळा शिवल्याशिवाय नव्या नायिकेला कथेत शिरता येत नव्हतं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेण्याचा मार्ग सुचवला. दिग्दर्शक म्हणाला की तो पडद्यावर खोटा दिसेल. (याच दिग्दर्शकानं वरंध घाटात पाणबुडी दाखवली होती.) मग गुरुजी म्हणाले, "बाईंची काहीतरी इच्छा राहिलेली आहे. घरच्यांनी पुढं होऊन ती पुरी करण्याचा शब्द द्यावा."

आता घरचा म्हणजे नायकच. तो पुढे झाला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "मी तुझा सूड घेईन." कावळा ढिम्म. "मी हा देश झुकू देणार नाही." कावळ्यानं पाठ फिरवली.

दिग्दर्शकानं लेखकाला बोलावून विचारलं, की हिची इच्छा काय होती. लेखकानं सगळे भाग आठवून पाहिले. पत्नीच्या तोंडी एकूण दोन वाक्यं होती. एक, "जपून जा," आणि दुसरं, गोळी लागल्यावर, "जपून राहा." यातून इच्छा काढायची तर कशी? लेखक होतकरू होता, त्यानं जागेवर चार-पाच इच्छा रचून दिल्या. मातृत्व, मोगऱ्याची बाग, काशी, अनाथाश्रम. नायकानं सगळ्यांचे शब्द देऊन पाहिले. त्याचं बिचाऱ्याचं चुकत काहीच नव्हतं, आवाज तर असा लागला होता की आमच्या बायका डोळे पुसत होत्या. कावळा मात्र हलेना.

चिमाजीची आता पाचावर धारण बसली. कावळा न शिवल्याचा बोभाटा झाला तर पुढच्या भागाचा मक्ता वाईकडे जाणार. तो म्हणाला, "सायेब, फोटू आमच्या अश्विनीचा हाय. कावळा फोटूच बघतोय. त्याला काय ठाव, कोन नटी न् कोन काय. हिचीच इच्छा इचारा."

अंबूबाईंनी यावर भांडायला हवं होतं. पण त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "इचारा बाबा. माज्या सुनंच्या नावानं भात मांडलाय आनि कावळा शिवंना, हे घिऊन म्या घरी कशी जाऊ?" हा अभिनय नव्हता.

रीतसर विचारणा आधी नवऱ्याकडे झाली. गोरख टकलावरून हात फिरवत म्हणाला, "हिची? हिची कसली आलीय इच्छा. सुखात हाय ती."

कावळा उडाला आणि एक फांदी वर जाऊन बसला.

"साडी आसंल," गोरख म्हणाला. कावळा आणखी वर गेला. "माहेरी जायाचं आसंल." आता तो नीट दिसेनासा झाला. गुरुजी म्हणाले, "गोरख, तू थांब जरा. तिला बोलू दे."

अश्विनी पुढे आली. एवढी माणसं आणि तीन कॅमेरे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर ती आधी बावरली. मग म्हणाली, "मला स्कूटी शिकायचीय. नसरापूरला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात काम मिळतंय, एक तारखेपासनं. सुटायच्या टायमाला गावाकडं एसटी न्हाई. गाडी येत आसंल तर या, न्हाईतर दुसरी बघते म्हनल्यात. आज अठ्ठावीस. स्कूटी दारात उभी हाय, ह्यांनीच घेतलीय. दोन वर्षं म्हनतीया, शिकवा, शिकवा."

"मग बोलायचंस की," गोरख म्हणाला.

"बोलले की."

यावर घाटावरच्या समस्त पुरुषवर्गानं नदीकडे पाहिलं. नीरा त्या दिवशी फार प्रेक्षणीय होती असं नाही. नायकानंही पाहिलं.

गोरख पिंडापुढं उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "शिकवतो." कावळा जागचा हलला नाही. गुरुजी मृदूपणे म्हणाले, "कधी ते सांग. आमच्या भागातल्या कावळ्यांनी 'बघू' आणि 'शिकवतो' खूप ऐकलेलं आहे."

"उद्या सकाळी," गोरख म्हणाला. मग झाडावर नजर टाकून त्यानं पुस्ती जोडली, "शेतावर जायाच्या आधी. आनि वरडनार न्हाई."

कावळा सरळ खाली आला, पिंडावर बसला आणि दोन घास घेऊन गेला. अंबूबाई मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. अश्विनी त्यांना धरून "आत्या, मी जित्ती हाय की," असं सांगत होती आणि स्वतःही रडत होती. दिग्दर्शक म्हणाला, इतकं खरं दुःख त्यानं कारकीर्दीत टिपलं नव्हतं. नायकाला विमान मिळालं.

सिनेमा गेल्या महिन्यात लागला. प्रसंग फार उंचीवर गेला आहे. कावळा तोच आहे, भात तोच आहे. फक्त स्कूटी काढून तिथे नायकाचा आवाज घातलाय. पत्नीची राहिलेली इच्छा अशी निघते, की माझ्या नवऱ्यानं पुन्हा प्रेम करावं. तो शब्द देतो, कावळा शिवतो आणि पुढच्याच दृश्यात नवी नायिका पोहत येते. थिएटरात पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. एवढी समंजस इच्छा बाळगणारी बाई गेल्याचं सगळ्यांनाच वाईट वाटलं.

अश्विनी त्या खेळाला नव्हती, तिची दवाखान्यात पाळी होती. ती आता हायवेच्या कडेनं बेतानं गाडी हाकत घरी येते. पण या प्रकारानं तालुक्याची शांतता बिघडली आहे ती आहेच. भोंगवलीच्या मंगलवहिनींनी चिमाजीला गाठून, पुढचा दहावा कधी आणि फोटो कुणाचा लागणार, अशी चौकशी केली. आंबवड्याच्या तिघी आपापले फोटो चौकटीसकट देऊन गेल्या. हार घातला तरी चालेल म्हणाल्या.

माझ्या घरी तसलं काही नाही. माझी पत्नी लता हिची कोणतीही इच्छा राहिलेली नाही, हे मी तिला न विचारता खात्रीनं सांगू शकतो. तिनं हा मजकूर वाचून बाजूला ठेवला आणि "छापून येऊ द्या, मग बोलू," एवढंच म्हणाली.

वाचक सुज्ञ आहेत. गोरखला ते मघाशी हसले, ते मी पाहिलं. त्यांनी आता जागचं न उठता, आत हाक न मारता, घरातल्या माणसाची एक राहिलेली इच्छा सांगावी. साडी आणि माहेर सोडून. सुचत नसेल तर चिंता नाही, विचार करायला भरपूर वेळ मिळतो. घाटावर सगळे थांबून राहतात.