मामांना पोटभर जेवू घालताना

माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पंचायतीत क्लार्क आहे मी. दारात माणूस उभा राहिला की त्याला दाखला हवाय की नुसती पंख्याची हवा, हे मी लांबूनच सांगतो. म्हणून सासरे सोमवारी गुंदहून रामनगरला येणार हे कळल्यावर मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, त्यांना खानावळीत जेवायला न्यायचं.

प्रकरण साधं नव्हतं. माझा धाकटा भाऊ महाबळेश्वर आणि माझी मेहुणी रक्षिता, या दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. सासरे, म्हणजे येसाजीमामा, म्हणाले होते, "थोरलीच्या घरची रीत बघतो, मग धाकटीचं बोलतो." म्हणजे भावाचं लग्न माझ्या पाहुणचारावर अडलेलं!

"घरीच करते की स्वयंपाक," माझी बायको अश्विनी म्हणाली.

"अगं, जन्मभर भातशेती केलेला गडी तो! तुझं पातेलं बघता बघता रिकामं करंल. खानावळीत कसं, वाढणारा थांबतच न्हाई."

"अहो, पण बाबा आता..."

"तू बघ गं नुसतं!" (मी तिला वाक्य पुरं करू देत नाही. वेळ वाचतो.)

सोमवारी दुपारी आम्ही चौघे खानावळीत टेबलाला बसलो. अश्विनीचा सोमवारचा उपास, तिच्यापुढे दोन केळी. महाबळेश्वरच्या घशाखाली होणाऱ्या सासऱ्यांपुढे पापडसुद्धा उतरेना. तेव्हा घराण्याची सगळी अब्रू माझ्या एकट्याच्या पोटावर आली. आमच्याकडची रीत पक्की आहे, पाहुणा जेवतोय तोवर यजमानानं हात आवरायचा नाही.

दोन चपात्यांत माझं पोट भरलं. (दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला भूक कसली लागणार?) मामांकडे बघितलं, तर ते जेवतच होते. मी तिसरी घेतली. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांनीही तिसरी घेतली.

बघा! ओळखलं होतं की नाही?

भात आला. "वाढ रे कान्हू, हात आखडू नकोस," मी वाढप्याला म्हणालो. "मामा, संकोच करू नका."

"तुमी बी करू नका, यशवंतराव," मामा म्हणाले.

सांबारभात झाला. ताकभात झाला. मामांच्या कपाळावर घाम आला आणि मी पट्ट्याचं भोक बदललं, तेही दोनदा. अश्विनी टेबलाखालून पाय मारत होती. आणखी मागवा म्हणते, असं समजून मी खीर मागवली. मामांनी डोळे मिटून वाटी तोंडाला लावली.

"बस करा की हो आता!" अश्विनी शेवटी ओरडलीच.

"अगं, वडलांना सुखानं जेवू दे!"

मामांनी वाटी खाली ठेवली. "अश्वे," ते धापा टाकत म्हणाले, "ह्यास्नी घरात जेवाय घालतीस का न्हाईस? माझं तर दोन चपात्यांतच पोट भरलं हुतं. वय झालं माझं, दुपारी निस्ती पेज पितो. पण ह्यांचा हात थांबंना! जेवत्या माणसाला ताटावर एकटं सोडून उठू नये. म्हणून बसलो बाबा, देवाचं नाव घेऊन."

मला सगळं सांगायचं होतं. मामा, अहो मीही तुमच्यासाठीच! पण तोंड उघडलं आणि शब्दाच्या आधी भलामोठा ढेकर बाहेर पडला. मामांनी समजून घेतल्यासारखी मान हलवली.

"मग मामा... आमचं?" महाबळेश्वरनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"तुला पोरगी देतो की. गुणी हाईस, येक पापड तासभर पुरवतोस. पण येक अट हाय. लग्नानंतर चूल येगळी मांडायची. ह्यांच्या पंक्तीला माझी पोरगी उपाशी मरंल."

महाबळेश्वर लगेच "व्हय" म्हणाला. सख्ख्या भावानं जरा तरी विचार करायचा! मी आशेनं अश्विनीकडे बघितलं, तर ती मामांना म्हणाली, "बाबा, त्या चुलीवर माझंबी दोन घास होतील न्हवं?"