कानाचं माप

सुधाकरराव गांगुर्डे माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नाहीत, कानाकडे बघतात. पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले, "गुरुजी, डावा कान काय सुरेख आहे हो तुमचा!" लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण घरात कुणी माझ्या एकाही अवयवाचं असं कौतुक केलं नव्हतं.

हे गृहस्थ कॅनडात श्रवणयंत्रं बसवतात. यंत्र कानात नीट बसावं म्हणून आधी लगदा भरून कानाचा साचा घ्यायचा, त्यात त्यांचा हातखंडा. दर हिवाळ्यात पदरचं तिकीट काढून नाशिकला येतात आणि निफाडकडच्या खेड्यांत फुकट कान वाटत हिंडतात. आमच्या गल्लीनं त्यांना 'कानफाट्या' म्हणायला सुरुवात केली, आणि एकदा ते नाव पडलं की संपलंच.

अडचण एकच. ते परत गेले की यंत्रं बंद पडतात. म्हणून माझ्या मागे लागले होते, "गुरुजी, तुम्ही शिका. इथलं इथल्याच माणसानं बघायला हवं."

"पोरांचे कान पिळायचे सोडून म्हाताऱ्यांच्या कानांत कुठं बोटं घालू?" मी म्हणायचो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. एका रविवारी मला स्कूटरवर घालून ते भागाबाई नावाच्या म्हातारीकडे घेऊन गेले. गेल्या साली दिलेलं यंत्र तिच्या कानात नव्हतंच. देव्हाऱ्यात होतं, हळदकुंकू लावून! वर दोन झेंडूची फुलं.

"मावशी! हे कानात घालायचं असतं!" सुधाकरराव ओरडले. तिसऱ्या खेपेला तिला ऐकू गेलं.

"देव लय वर्सं आमचं ऐकत नाय," ती म्हणाली, "म्हनून त्याच्यापाशी ठेवलं."

मी फिसकन हसलो. सुधाकरराव हसले नाहीत. ओट्यावर बसून बारक्या ब्रशनं कुंकू काढता काढता म्हणाले, "आमची आई ठार बहिरी होती. मी तिकडून फोनवर ओरडायचो, 'आई, यंदा जमत नाही!' ती म्हणायची, 'ये, ये, मांडे करते.' आणि दर वर्षी करायची हो. ती गेली तेव्हा मी तिकडं कुणाच्या तरी कानाचा साचा घेत होतो."

हसल्याची मला लाज वाटली.

यंत्र बसवलं की ते एरवी 'एक, दोन, तीन' म्हणून बघतात. त्या दिवशी म्हातारीच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "आई, मी आलोय."

"मंग वरडतो कशाला?" भागाबाई दचकून म्हणाली. "बस. भाकर खाऊन जाय."

भाकरी खाताना त्यांनी मान वर केली नाही. मीच ब्रश उचलला आणि विचारलं, "सुधाकरराव, कुंकू नेमकं कुठल्या बाजूनं काढायचं?"