पालकाच्या समक्ष

सत्य ही नाजूक वस्तू आहे, आणि ती अल्पवयीन मुलाकडून घ्यायची असेल तर पालकाच्या समक्षच घ्यावी, हे कोणताही सुसंस्कृत समाज मान्य करील. झर्का शहरातल्या किशोरांचं तंबाखूसेवन आणि मनःस्वास्थ्य यांचा अभ्यास करायला नेमलेल्या मंडळाने तर ते लेखी मान्य केलं होतं. नियम सातवा: प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वडिलांच्या देखत घ्यावं आणि वडिलांनी प्रत्येक पानावर सही करावी. ज्या बैठकीत हा नियम मंजूर झाला तिला नऊ सदस्य उपस्थित होते, असं इतिवृत्त सांगतं. (इतिवृत्त लिहिणाऱ्या सुहादला धुरातून सहाच दिसले. बाकीचे तिने खोकल्यावरून मोजले.)

सुहाद ही मंडळाची पाहणी करणारी. घरोघर जाऊन अर्ज भरून आणायचे, हे तिचं काम. मात्र या कामात ती शुद्ध ज्ञानलालसेने शिरली नव्हती, हे खेदाने नमूद करावं लागतं. तिचा धाकटा भाऊ कुतैबा सोळा वर्षांचा होता आणि दिवसाला एक पाकीट संपवत होता. तीन जिने चढला की त्याला धाप लागे. परीक्षा जवळ आली की हात थरथरत, आणि तो दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नसे. मंडळाने जाहीर केलं होतं की ज्या वस्तीत तंबाखू ओढणारा एक तरी मुलगा रीतसर नोंदला जाईल, तिथे व्यसन सोडवणारा आणि मनाचे आजार बघणारा मोफत दवाखाना उघडेल. एक! सुहादला वाटलं, एक म्हणजे काय, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच सात उभे असतात.

इथे एक बारीकशी स्थानिक चाल सांगायला हवी. झर्का शहरात मुलगा बापासमोर सिगारेट ओढत नाही. हा तब्येतीचा प्रश्न नाही, अदबीचा आहे. बाप मुलासमोर ओढतो, मुलालाच आणायला पाठवतो, आणि आलेल्या पाकिटात दोन कमी निघाल्या तर "हल्ली कंपन्याच चोर झाल्यात" असं म्हणून गप्प बसतो. गच्चीवर जायचं असेल तर बाप जिन्यातच खाकरतो, म्हणजे वर मुलाला विझवायला अवधी मिळतो. चांगल्या घराण्यातला बाप दोनदा खाकरतो. (या खाकरण्याचा अभ्यास व्हावा, अशी सूचना सुहादने केली होती. विषय तंबाखूशी संबंधित नसल्याने ती फेटाळण्यात आली.)

पहिला अर्ज अबू सख्र यांच्या घरचा. त्यांनी कॉफी दिली, पाकीट पुढे केलं.

"घे पोरी, ओढ एक. नाही ओढत? मग तुला काय कळणार यातलं?"

मुलाची दोन बोटं हळदीच्या समारंभाला जाऊन आल्यासारखी पिवळी होती. गेल्या तीस दिवसांत किती दिवस सिगारेट ओढलीस, या प्रश्नावर तो म्हणाला, "एकही दिवस नाही." वडील धूर सोडत म्हणाले, "त्याला वाससुद्धा सहन होत नाही हो." पुढे, तुला वारंवार उदास वाटतं का, असा प्रश्न होता.

"उदास? अहो, मन्सफच्या मटण-भाताची दोन ताटं उडवतो हा!"

मुलगा सतरंजीकडे बघत होता. सुहादने उत्तराच्या रकान्यात 'दोन ताटं' असं लिहिलं आणि वडिलांनी खाली सही केली.

ती मंडळाचे संचालक डॉक्टर नवाफ यांच्याकडे गेली. "सर, मुलांना एकेकट्याला विचारू द्या ना."

"बापाच्या पाठीमागे? हे संशोधन आहे पोरी, चहाडी नाही," असं म्हणून डॉक्टरसाहेबांनी 'धूम्रपान निषिद्ध' या पाटीखालचं रक्षापात्र जवळ ओढलं.

चार महिन्यांत एक हजार दोनशे तेरा अर्ज भरून झाले. ओढणारे मुलगे: शून्य. (एका मुलाच्या तोंडून 'कधीकधी' असं निघालं होतं. त्यावर वडिलांची चप्पल निघाली. 'प्रश्न नीट समजला नव्हता', अशी दुरुस्ती त्याच बैठकीत झाली.) उदास मुलगे: शून्य. आता शहरातल्या दुकानांत सिगारेटी तर विकल्या जात होत्या, तेव्हा मंडळाच्या गणितज्ञाने सगळी विक्री बापांमध्ये वाटली. प्रत्येक बाप रोज एकशे सदतीस सिगारेटी ओढतो, असं सिद्ध झालं. म्हणजे झोप आणि नमाज वजा जाता दर साडेसहा मिनिटांना एक. पितृवर्गाच्या या चिकाटीबद्दल अहवालात स्वतंत्र परिच्छेद आहे.

शेवटचा, एक हजार दोनशे चौदावा अर्ज चिठ्ठीने निघाला तो कुतैबाचा. नातेवाइकाने नातेवाइकाचा अर्ज भरू नये असा नियम नव्हता, कारण तसा नियम केला असता तर मंडळच शिल्लक राहिलं नसतं. सुहादला वाटलं, देव पावला. इथे तरी आपलंच घर आहे.

दुपारी बैठकीच्या खोलीत तिघं बसली. आईने मरमियाची पानं घातलेला चहा ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज मात्र थांबला. वडिलांनी, म्हणजे अबू कुतैबा ('कुतैबाचा बाप') यांनी, सिगारेट पेटवली.

"तुमचा तो दवाखाना, तो आपल्या वस्तीत निघणार ना गं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, लोकांच्या पोरांसाठी विचारतोय."

"एक नाव मिळालं तर निघेल, बाबा."

"निघायला हवा. लोकांची पोरं फार खोकतात."

सुहादने प्रश्न वाचला. कुतैबाने आधी तिच्याकडे बघितलं, मग बापाच्या पेनकडे. त्याचा पाय हलत होता. ओठ उघडले तेव्हा तो खरं बोलणार, असं सुहादला क्षणभर वाटलं. तेवढ्यात अबू कुतैबा खाकरले. सवयीने. एकदा, आणि मग, घराणं चांगलं असल्यामुळे, दुसऱ्यांदा.

"एकही दिवस नाही, ताई," कुतैबा म्हणाला.

ती त्याला खोटं पाडू शकली असती. त्याच्या शाळेच्या दप्तरातलं लायटर तिनेच दोनदा लपवलं होतं. पण ज्या माणसाला सगळी गल्ली या मुलाच्या नावाने हाक मारते, त्याच्यासमोर खरा आकडा लिहायला तिचा हात उचलेना. तिने शून्य काढलं. चांगलं वाटोळं आलं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली, पण अर्जात लाजेसाठी रकाना नव्हता.

अबू कुतैबांनी सही केली, आणि पेनचं टोपण बराच वेळ लावत राहिले.

"मग दवाखान्याचं काय?"

"कोणी सापडलंच नाही, बाबा."

"सापडेल," ते म्हणाले. "इतकी पोरं आहेत. कुठल्या तरी घरचं सापडेल."

अहवालाला पारितोषिक मिळालं. वस्तीला 'तंबाखूमुक्त तारुण्य' अशी संगमरवरी पाटी मिळाली. तिच्या आडोशाला वारा लागत नसल्याने मुलांना काडी पेटवायची सोय झाली. दवाखान्यासाठी राखलेली खोली मंडळाच्या सदस्यांना विश्रांतीसाठी देण्यात आली.

पुढच्या शुक्रवारी सुहाद धुणं वाळत घालायला गच्चीवर निघाली. शेवटच्या पायरीवर ती थांबली आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत खाकरली. वर चप्पल घासल्याचा आवाज आला. मग खोकला सुरू झाला, आणि तो काही केल्या थांबेना. ओल्या कपड्यांची बादली घेऊन ती गच्चीच्या दाराशी उभी राहिली. तो संपेपर्यंत गच्चीवर जाणं बरं दिसलं नसतं.

वाचक सुशिक्षित आहेत, त्यांच्याकडे ही मागासलेली चाल नाही, याची आम्हाला कल्पना आहे. त्यांच्या दाराला बेल असते. किल्ली खिशात असतानाही ते बेल वाजवतात, आणि मग थोडा वेळ बाहेर थांबतात.