सतरा मुद्द्यांची फ्लॉपी

कोथरूडच्या त्या सोसायटीत कॉम्प्युटर एकच होता, तो दिगंबरपंतांकडे होता, आणि ही गोष्ट पोटात ठेवणाऱ्यांपैकी दिगंबरपंत नव्हते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो बुधवार पेठेतून आणला आणि घरातल्या इतर वस्तूंप्रमाणे त्यालाही वळणदार अक्षरात लेबल लावलं. फ्रिजचं बटण, गिझरचं बटण, साखर, मीठ, सगळ्यांना लेबलं होती. दुर्गाबाई तेवढ्या सुटल्या होत्या, त्याही दिगंबरपंतांची हिंमत झाली नाही म्हणून.

शनिवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एकच ओळ.

"काय म्हणतोय?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"सिस्टीम सापडत नाही म्हणतोय."

"या घरात सिस्टीम नाही हे मी तीस वर्षं सांगतेय. त्याने सांगितल्यावर पटलं."

दिगंबरपंतांना घाम फुटला होता. रविवारी दहाला सोसायटीची सभा, आणि सचिव हिंदुरावांविरुद्धची तक्रार आपण छापून वाटणार, असं ते गच्चीपासून पार्किंगपर्यंत सगळ्यांना सांगून बसले होते. काल संध्याकाळी तक्रार पुरी करून त्यांनी ती फ्लॉपीवर उतरवली होती. आता ती फ्लॉपीही सापडत नव्हती.

"हाताने लिहा की," दुर्गाबाई म्हणाल्या.

"छापील म्हणून सांगितलंय. लोक शेण घालतील तोंडात!"

त्यांनी फ्रिजचा प्लग काढून तिथे कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर ढिम्म, आणि फ्रिजमधल्या बर्फाचं पाणी स्वयंपाकघरभर. मग त्यांनी दुकानाला फोन लावला.

"घेऊन या," दुकानदार म्हणाला.

"आपण येऊन बघाल का?"

"बिघडलाय कुणाचा, तुमचा का माझा?" एवढं बोलून फोन बंद.

"हिंदुरावांना बोलवा," फरशी पुसता पुसता दुर्गाबाई म्हणाल्या. "कारखान्यात शेवटची पाच वर्षं कॉम्प्युटरवरच होते ते."

"त्यांच्याचविरुद्ध तक्रार, आणि त्यांनाच बोलवू?"

पण दुर्गाबाई गॅलरीत पोहोचल्या होत्या. "अहो भाऊजी! जरा येता का वर?"

हिंदुराव लेंगा-बनियनमध्येच आले. त्यांनी पडद्यावरची ओळ वाचली, खाली वाकून एक बटण दाबलं आणि फटकन फ्लॉपी बाहेर आली.

"ही आत विसरलात. हा बिचारा हिच्यातून सुरू व्हायला बघतोय."

एक कळ दाबताच कॉम्प्युटर चालू झाला. दिगंबरपंतांनी झडप घालायच्या आत हिंदुरावांनी फ्लॉपी उलटली. लेबलावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सचिव हिंदुराव यांच्याविरुद्ध तक्रार. अत्यंत गोपनीय.'

फ्रिजही बंद असल्यामुळे घरात चांगलीच शांतता पसरली. हिंदुरावांनी फ्लॉपी पुन्हा आत सरकवली आणि तक्रार उघडून मोठ्याने वाचायला घेतली.

"मुद्दा चार. पाण्याची मोटर पहाटे साडेपाचला घरघरते. सचिवांना सांगितल्यास सचिवही घरघरतात." त्यांनी चष्मा वर केला. "छान लिहिता हो."

"तसं व्यक्तिशः काही नाही..." दिगंबरपंत पुटपुटले.

"सतराच? टाकीचं झाकण दोन महिने तुटलंय, ते राहिलं की." हिंदुरावांनी खुर्ची ओढली आणि स्वतःच्या हाताने अठरावा मुद्दा टाईप केला. मग प्रिंटर लावून चोवीस प्रती काढल्या, वरून दुर्गाबाईंकडून दोनदा चहा घेतला.

जाताना त्यांनी दिगंबरपंतांचा हात दाबला, तेव्हा हिंदुरावांचे डोळे चक्क पाणावले होते. दिगंबरपंतांना त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली. एवढा दिलदार माणूस, आणि आपण त्याच्यावर उठलो!

रविवारी सभेला कधी नव्हे ती खचाखच गर्दी झाली. अठरा मुद्दे वाचून होताच हिंदुराव हात जोडून उभे राहिले. "सहा वर्षं राजीनामा देतोय, कोणी घेत नव्हतं. आज दिगंबरपंतांनी सोडवलं. आता नवा सचिव कोण? सोसायटीची सगळी दुखणी तोंडपाठ असलेला आणि घरी कॉम्प्युटर असलेला माणूस इथे एकच आहे."

दिगंबरपंतांनी तोंड उघडेपर्यंत तेवीस हात वर गेले होते. त्यात एक दुर्गाबाईंचा होता.

सोमवारी पहाटे साडेपाचला दिगंबरपंत कानटोपी घालून खाली गेले आणि त्यांनी मोटर लावली. ती घरघरली. लगेच पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"अहो सचिव," हिंदुराव जांभई देत म्हणाले, "झोपमोड होते. दुपारी टाईप करायला येतो. ती फ्लॉपी काढून ठेवा."

"लेबल...?"

"माझं नाव तेवढं खोडा. बाकी चालेल."