एकाच मुलीला लागू झालेला नियम

कोणताही प्रश्न समिती नेमल्याशिवाय सोडवू नये. तो आपोआप सुटला, तर कोणी सोडवला हे कळत नाही, आणि मग आभार कोणाचे मानायचे हा त्याहून अवघड प्रश्न उभा राहतो. आमच्या शाळेने ही चूक आजवर कधी केलेली नाही.

गोवराच्या साथीमुळे शाळा बंद होती. साथ ओसरली. शाळा उघडायची ठरली, आणि परत येण्याआधी मुलांना गोवराची लस सक्तीची करावी की नाही, असा प्रश्न निघाला. गल्लीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात प्रश्न काय आहे?" त्यामुळे त्यांना समितीत घेता आलं नाही. मार्गदर्शनासाठी मात्र बोलावलं. (मार्गदर्शन म्हणजे जे ऐकून घेतल्यावर आभार मानतात ते.)

समितीचे अध्यक्ष पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते. आयुष्यभर दर उन्हाळ्यात त्यांनी टंचाईवर अहवाल लिहिले होते, तेव्हा अनुभवाची कमतरता नव्हती. व्यायामशाळेचे मालक होते, शिकवणीवाल्या मॅडम होत्या, शाळेच्या मोठ्या बाई होत्या. पालक प्रतिनिधी आणि सचिव म्हणून मी होतो. माझी निवड बिनविरोध झाली, कारण त्या दिवशी दुसरा कोणी पालक फिरकलाच नव्हता.

शिक्षकांच्या खोलीतला पंखा बिघडला होता, म्हणून बैठक पहिलीच्या वर्गात भरली. खुर्च्या सहा वर्षांच्या मापाच्या. सगळे गुडघे हनुवटीला लावून बसलो. भिंतीवर शरीराच्या अवयवांचा तक्ता होता. त्यातल्या मेंदूवर कोणीतरी च्युइंगम चिकटवून ठेवलं होतं.

विषय मुळात निघाला तो किल्लीवाल्यामुळे. शाळेच्या फाटकासमोर त्याची टपरी आहे. कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या घासून देतो. त्याची मुलगी भिंगरी माझ्या धाकटीच्या वर्गात, एकाच बाकावर. (खरं नाव पटावर आहे, पण एका जागी न बसण्यामुळे पडलेलं हे नाव तिला पुढे वर्षभर पलंगावर झोपून वागवावं लागलं.) तिला रक्ताचं दुखणं निघालं होतं. मोठे उपचार झाले, पोरगी वाचली. केस नुकतेच नव्या ब्रशसारखे उगवले होते. मात्र त्या औषधांनी लहानपणी घेतलेल्या लशींचा असर पुसून टाकला होता, आणि इतक्यात नवी लस देता येत नव्हती. गोवर झाला तर निभावणं कठीण. शाळेत जाऊ दे, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आजूबाजूच्या मुलांनी लस घेतलेली हवी.

किल्लीवाला लेकीला घेऊनच बैठकीला आला. त्याला बसायला खुर्ची होती, पण तो बसला नाही.

"साहेब, पोर वर्षभर छताकडे बघत पडली होती," तो म्हणाला. "आता शाळा शाळा करतेय. बाकीच्यांनी टोचून घेतलं की झालं. लई मोठं काही मागत नाही मी."

"तुमच्या भावना समितीपर्यंत पोहोचल्या," अध्यक्ष म्हणाले. तो समितीपासून हातभर अंतरावर उभा होता, त्यामुळे पोहोचायला वेळ लागला नाही.

"मला चाललं असतं तर मी दोनदा टोचून घेतलं असतं," भिंगरी म्हणाली. "मला सवय आहे."

समितीने टाळ्या वाजवल्या. व्यायामशाळेच्या मालकांनी तिच्यापुढे आपला रुमाल धरला. ती रडत नव्हती, म्हणून मग त्यांनी तो स्वतःच वापरला. अशा भारावलेल्या वातावरणात लससक्तीचा ठराव एकमताने मंजूर झाला. बापलेक समाधानाने घरी गेली.

त्यानंतर सवलतींचा विषय निघाला.

कारण सक्ती म्हटली की तिला माणुसकीचा चेहरा लागतो. मालक म्हणाले, "माझा पोरगा रोज शंभर बैठका मारतो. गोवर त्याला बघूनच पळेल. सुई टोचणं माझ्या तत्त्वात बसत नाही." तेव्हा ज्यांचा तत्त्वतः विरोध आहे, त्यांना सवलत मिळाली. शिकवणीवाल्या मॅडमनी निदर्शनास आणलं की लशीने दंड दुखतो, आणि परीक्षा तर त्याच हाताने लिहायची असते. अभ्यासू मुलांना सवलत मिळाली. मोठ्या बाईंना सुईला घाबरणाऱ्या मुलांची काळजी होती. भीती हा बालमनाचा भाग आहे, आणि बालमन तर शाळेचं ब्रीद. त्यांनाही मिळाली. शेवटची सवलत मी सुचवली: ज्यांच्या पालकांचा विचार अजून चालू आहे, त्यांच्यासाठी. आम्ही नवराबायको धाकटीच्या जन्मापासून या विषयावर विचार करत आहोत. इतका सखोल विचार मध्येच तोडणं कोणालाही योग्य वाटलं नाही.

"आणि ज्यांना आजारपणामुळे लस देताच येत नाही, त्यांची सवलत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अध्यक्षांनी मान हलवली. "बाई, आजाराचं कारण कोणीही पुढे करेल. खात्री कशी करायची? तत्त्वाचं तसं नसतं. ते तोंडी सांगितलं तरी पटतं."

तेवढ्यात शिपाई कुलूप घेऊन दारात येऊन उभा राहिला. डॉक्टरीणबाईंचे आभार मानून बैठक संपली.

शाळा उघडली त्या सकाळी मोठ्या बाई स्वतः फाटकात उभ्या होत्या. काही मुलांनी लस घेतली होती. उरलेली कोणत्या ना कोणत्या सवलतीत बसत होती. तत्त्ववाले आत गेले, अभ्यासू गेले, घाबरणारे गेले. विचार चालू असलेली माझी धाकटीही गेली. भिंगरी नवं दप्तर लावून आली. तिने लस घेतली नव्हती, आणि तिच्यासाठी सवलतही नव्हती.

मोठ्या बाईंना भरून आलं. "नियमापुढे मी तरी काय करू गं?"

"पण बाई, नियम माझ्यासाठीच केला ना?"

"तुझ्यासाठीच गं बाळा. म्हणून तर तुला लागू झाला."

कोणाला डावललं असं होऊ नये म्हणून भिंगरीची खुर्ची व्हरांड्यात, वर्गाच्या खिडकीबाहेर मांडली. आत पहिल्या बाकावरचा मुलगा सारखा शिंकत होता. किल्लीवाल्याने रस्त्यापलीकडून ते पाहिलं, मशीन बंद केलं, आला, आणि एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात लेक धरून निघून गेला. शिपायाला एवढंच म्हणाला, "खुर्ची आत घ्या. पावसात खराब होईल."

त्यानंतर भिंगरी टपरीत किल्ल्यांच्या झुबक्याखाली बसून अभ्यास करू लागली. तिथून वर्गाची खिडकी दिसते. मधल्या सुट्टीत धाकटी खिडकीत उभी राहून वही उघडून धरायची, आणि भिंगरी डोळे बारीक करून उतरवून घ्यायची. समितीने या उपक्रमाला दूरशिक्षण म्हणून मान्यता दिली.

एकदा जेवताना धाकटीने विचारलं, "बाबा, आपला विचार कधी संपणार?"

"अशा गोष्टींत घाई करून चालत नाही गं."

"ऑफिसला जाताना रोज दवाखान्यावरूनच जाता ना तुम्ही," बायको ताटाकडे बघत म्हणाली. (ती विचारात माझ्याबरोबर होती. पण विचार आमचा आणि दवाखान्याचा रस्ता माझा, अशी तिने वाटणी केलेली दिसली.)

गोवर पहिल्यांदा आला तो व्यायामशाळेच्या मालकांच्या मुलाला. बैठकांना घाबरून तो पळाला नाही. मग त्याच्या शेजारच्याला, मग मागच्या बाकाला. अभ्यासू, घाबरट, तत्त्वनिष्ठ असा भेद त्याने केला नाही. समितीइतका बारीक विचार त्याला जमत नसावा. मग धाकटीला झाला. अंगभर पुरळ आले, ताप उतरेना, कानातून पू वाहू लागला. मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई रोज संध्याकाळी तिथे येऊन बघून जात. त्या मला काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या धाकटीशीच बोलायच्या. माझे आभारसुद्धा मानले नाहीत.

ती बरी झाली. डाव्या कानाने आता तिला ऐकू येत नाही. डावीकडून हाक मारली तर ती आपली चित्र काढत राहते. पहिले काही दिवस मी मोठ्याने हाका मारायचो. आता वळसा घालून उजवीकडे जातो.

किल्लीवाला रस्त्यात भेटला. मी पलीकडे जाण्याच्या बेतात होतो, पण त्यानेच थांबवलं. "कशी आहे पोर? भिंगरीला फोनवर बोलायचंय तिच्याशी." मी फोन लावून टपरीत बसलेल्या भिंगरीच्या हातात दिला. पलीकडून माझ्या लेकीचा आवाज आला, "थांब, दुसऱ्या कानाला लावते," आणि मग दोघी कशावरून तरी खूप हसल्या. किल्लीवाला आणि मी टपरीवर लटकलेल्या कुलपांकडे बघत उभे राहिलो.

साथ ओसरल्यावर आढावा बैठक झाली. पंखा अजून बिघडलेलाच होता. अध्यक्षांनी आकडेवारी मांडली. ज्यांना सवलत होती, त्यांच्यातले बहुतेक आजारी पडले. पण त्यांना नियम लागूच नव्हता, त्यामुळे ते हिशेबात धरता येत नाहीत. ज्यांनी लस घेतली, त्यांना नियम लावायची वेळच आली नाही. नियम लागू झाला तो एकाच विद्यार्थिनीला, आणि तिला गोवर झाला नाही. म्हणजे नियमाचं यश शंभर टक्के. अंमलबजावणी इतकी चोख क्वचितच होते, असं अध्यक्ष म्हणाले. मी ते इतिवृत्तात उतरवून घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे.

हे यश एका शाळेपुरतं ठेवणं बरं नव्हे, म्हणून नियमावली इतर शाळांना पाठवली. बऱ्याच शाळांनी ती जशीच्या तशी स्वीकारली. तुमच्या मुलांच्या शाळेनेही स्वीकारली आहे. पालकांची हरकत असेल तर आठवड्याभरात कळवा, असं पत्रक मुलांच्या दप्तरातून घरोघरी पाठवलं होतं. मुदत कालच संपली. कळवायला आनंद वाटतो, की एकही हरकत आलेली नाही.