तुमची बॅटन, आमची पूर्णिमा

मिश्र रिले म्हणजे काय, हे आमच्या मधुकोश सोसायटीला मी समजावून सांगितलं. दोन पुरुष, दोन बायका, एक बॅटन. बाकी सगळी अक्कल! आणि अक्कल म्हटल्यावर सोसायटीत दुसरं नाव कुणाचं निघणार? यज्ञेश्वर गोडबोले, म्हणजे मीच.

बिबवेवाडीतल्या सोसायट्यांच्या क्रीडा महोत्सवात यंदा पहिल्यांदाच ही शर्यत ठेवली होती. शेजारच्या स्वप्नपूर्ती सोसायटीने तीन वर्षं ओळीने आमच्याकडून सगळे कप हिसकावले होते. कॅरमसुद्धा! तेव्हा ही रिले जिंकायचीच, असा पण मी पार्किंगमध्ये उभा राहून जाहीर केला. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. एकाने स्कूटर बाजूला घ्यायला सांगितली.

टीम ठरली. तिसऱ्या मजल्यावरचा अभिनव खराडीला आयटीत आहे, त्याची बहीण स्वराली कॉलेजात. दोघंही हरणासारखी पळतात. तिसरा मी. चौथ्या जागेला बाई काही केल्या मिळेना, म्हणून मी आमच्या हिचं नाव देऊन टाकलं.

"मला विचारलंत?" पूर्णिमा म्हणाली. ती वाघोलीच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे प्रश्न मोजकेच विचारते.

"अगं, तुला पळायचं कुठंय? पहिले तिघं मिळून एवढी आघाडी घेऊ, की तू नुसती चालत आलीस तरी कप आपला!"

"मग ठीक आहे," ती म्हणाली. हे तिचं 'ठीक आहे' मी लग्नानंतर इतक्या वर्षांनीही नीट ओळखू शकलेलो नाही.

बॅटन कशी घ्यायची, ते मी गच्चीवर शिकवलं. "हे बघ, हात मागे. तळवा उघडा. आणि काय वाटेल ते झालं तरी मागे वळून बघायचं नाही! हातात बॅटन पडली की सुटायचं."

"कुणी दिली तेही बघायचं नाही?"

"मी सोडून दुसरं कोण देणार आहे तुला?"

शर्यतीच्या सकाळी मैदानावर पोचलो आणि पहिला धक्का बसला. आमचे टी-शर्ट केशरी, स्वप्नपूर्तीचेही केशरी! दोघांनी एकाच दुकानातून सवलतीत घेतलेले. तिसरी टीम मॉर्निंग वॉक मंडळाची होती. त्यांचे टी-शर्ट पांढरे, आणि त्यांच्यातला सर्वात तरुण गडी मागच्याच महिन्यात निवृत्त झालेला.

पंच होत्या कुसुमताई आपटे. निवृत्त क्रीडाशिक्षिका, मास्टर्स, म्हणजे पस्तिशीपुढच्या खेळाडूंच्या प्रशिक्षक. आवाज असा, की शिट्टी त्यांनी केवळ शोभेला गळ्यात घातली असावी.

"आपण चष्मा घालून पळणार?" त्यांनी मला विचारलं.

मी तत्काळ चष्मा काढून खिशात ठेवला. अ‍ॅथलीट दिसलं पाहिजे माणसाने! समोरचं मैदान एकदम पाण्यात बुडाल्यासारखं झालं, पण म्हटलं, शंभर मीटर तर पळायचंय. त्यात बघण्यासारखं काय असतं?

शिट्टी झाली. अभिनव सुटला तो रॉकेटसारखा! स्वरालीने तर आघाडी दुप्पट केली. माझ्या हातात बॅटन पडली तेव्हा मागे चिटपाखरू नव्हतं. मी धावू लागलो. पहिली काही पावलं, खरं सांगतो, मी चित्त्यासारखा होतो. मग चित्त्याच्या पोटऱ्या भरून आल्या. मग चित्त्याला धाप लागली. मागून धप्प धप्प पावलं ऐकू यायला लागली. ते स्वप्नपूर्तीचे उत्तरेश्वर, फरशीचे व्यापारी, अंगाने भरभक्कम. रोडरोलर पाठीमागे लागल्यावर काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं!

वळणावर चुन्याच्या रेघा दिसेनाशा झाल्या. समोर मात्र केशरी टी-शर्ट दिसला. हात मागे, तळवा उघडा. तीच शिकवण, तीच पोज! ऊर भरून आला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "धर!" आणि बॅटन हातात ठेवली.

बाई जी सुटली! म्हटलं, काय पळतेय आमची पूर्णिमा! अगदी विशीतल्या मुलीसारखी!

ती विशीतलीच होती. स्वप्नपूर्तीची निकिता.

मागोमाग उत्तरेश्वर येऊन पोचले. त्यांना समोर एक केशरी टी-शर्ट दिसला, मागे केलेला हात दिसला. त्यांनीही विचार केला नाही. बॅटन ठेवली. आणि माझी आज्ञाधारक बायको, मागे न बघता, निघाली!

आम्ही दोघं गुडघ्यांवर हात टेकून एकमेकांकडे बघत राहिलो.

"आमची बाई कुठं गेली हो?" उत्तरेश्वर म्हणाले.

मी चष्मा लावला. "तुमची बाई माझी बॅटन घेऊन गेली."

"मग मी कुणाला दिली?"

"माझ्या बायकोला!"

"अरे देवा! तिला थांबवा की!"

थांबवणार कोण? निकिता बरीच पुढे निघून गेली होती. पण पूर्णिमा... अहो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! पदराची सवय असलेला तो हात असा काही हलत होता, पावलं अशी काही पडत होती, की जणू मैदानच मागे सरकत होतं. अंतर निम्मं झालं. मग हातभर उरलं. प्रेक्षकांतले लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मी सगळं विसरून नाचायला लागलो. "ती माझी बायको आहे! माझी!" असं मी उत्तरेश्वरांचे खांदे धरून ओरडत होतो. तेही नाचत होते. कारण बॅटन त्यांची होती!

पूर्णिमाने छातीने फीत तोडली. निकिता पाऊलभर मागे.

आणि मग खरी शर्यत सुरू झाली. टेबलाभोवती.

"आमची बाई पहिली आली!" आमचे सेक्रेटरी म्हणाले.

"रिलेत बॅटन पहिली येते, बाई नाही!" स्वप्नपूर्तीवाले म्हणाले. "पहिली आलेली बॅटन निळी आहे. निळी आमची. कप आमचा!"

"मग तुमच्या निळ्या बॅटनला द्या कप! नेऊन ठेवा दोघांना शोकेसमध्ये!"

"तुमच्या माणसाला स्वतःची बायको ओळखता येत नाही, त्यात आमचा काय दोष?"

ह्यावर आमच्या बाजूनेही दोन-तीन जण हसले. ते मी लक्षात ठेवले आहेत.

कुसुमताईंनी हात वर केला. "दोन्ही टीम बाद. बॅटनची अदलाबदल चालत नाही. भांडायचं असेल तर गेटबाहेर. तिथे पार्किंगही आहे."

तेवढ्यात मॉर्निंग वॉक मंडळाच्या आजी, हातात बॅटन घेऊन, वाटेत ओळखीच्यांना नमस्कार करत, फितीच्या जागी येऊन पोचल्या. कप त्यांना मिळाला! "आमचं कशात काय, आम्ही आपले रमतगमत आलो," असं त्या माइकवर म्हणाल्या.

पण कुसुमताईंचं लक्ष कपाकडे नव्हतंच. त्या थेट पूर्णिमाकडे आल्या.

"पंचेचाळीस?"

"चव्वेचाळीस."

"जिल्ह्याच्या मास्टर्स मिश्र रिलेसाठी मला एक बाई हवी आहे. रविवारी चाचणीला या. शेवटच्या टप्प्याला तुम्हीच."

माझी छाती इतकी फुगली, की केशरी टी-शर्टची शिवण कुरकुरली. सगळी सोसायटी गोळा झाली होती. स्वराली तर पूर्णिमाच्या गळ्यातच पडली. हरल्याचं दुःख कुणाच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हतं. निकितानेसुद्धा येऊन हात मिळवला. "काकू, मी कॉलेज चॅम्पियन आहे," ती म्हणाली. "मला आजवर कुणी मागून गाठलेलं नाही."

"सराव कोण घेतं तुमचा?" कुसुमताईंनी विचारलं.

मी घसा खाकरून एक पाऊल पुढे झालो.

"कुणी नाही," पूर्णिमा म्हणाली. "सकाळी ह्यांचा डबा भरून होईपर्यंत माझी बस सुटलेली असते. रोज पुढच्या स्टॉपवर गाठते."

कुसुमताईंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं.

"छान," त्या म्हणाल्या. "स्पर्धा होईपर्यंत डबा असाच उशिरा मागत जा."

आमच्या घराण्यात खेळातल्या योगदानाची अशी जाहीर दखल पहिल्यांदाच घेतली गेली!